टोंटोची भाषा

आमच्या पिढीतील ज्या मुलांनी मुंबईच्या पदपथांवरील जुनी इंग्रजी कॉमिक्स चार-आठ आण्यांना विकत घेऊन वाचली, त्यांना ‘लोन रेंजर’ हे नाव खचितच आठवत असेल. पांढराशुभ्र घोडा, डोळ्यांवर काळा मुखवटा आणि पिस्तुलात चांदीच्या गोळ्या, असा तो नायक. त्याच्या शेजारी, पण नेहमी अर्धे पाऊल मागे, पांढऱ्या-तपकिरी ठिगळांच्या घोड्यावर बसलेला त्याचा आदिवासी सोबती टोंटो. माझे वडील फोर्टमधील कचेरीतून वसईला परतताना महिन्याकाठी असे एखादे पुस्तक पिशवीतून आणीत आणि आम्ही भावंडे कंदिलाच्या उजेडात त्याची पाने झिजवीत असू. त्या कॉमिक्सचा उगम अमेरिकेतील रेडिओवरील आणि पुढे दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत आहे, हे फार पुढे कळले. टोंटोचे काम करणारा नट खराखुरा आदिवासी होता आणि त्याचे नाव जे सिल्व्हरहील्स होते, हे तर त्याहूनही उशिरा.

निवृत्तीनंतर मुलीकडे कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, काही महिने राहण्याचा योग आला. एका रविवारी जावयांनी आम्हांला गाडीतून ग्रँड नदीच्या काठाने नेले. मक्याची शेते, लाकडी घरे, मधूनच एखादे लहानसे चर्च. पाटीवरून एवढेच कळले की, आपण आता ‘सिक्स नेशन्स’ ह्या आदिवासी राखीव प्रदेशात आलो आहोत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या आणि त्यापायी आपली मूळ भूमी गमावून बसलेल्या, सहा जमातींमधील लोकांना १७८४ मध्ये ह्या नदीच्या दोन्ही तीरांवर सहा-सहा मैल रुंदीचा पट्टा देण्यात आला होता. सुमारे साडेनऊ लाख एकरांचा तो पट्टा. त्यातील पाच टक्के जमीनसुद्धा आज त्यांच्याकडे उरलेली नाही. ज्यांच्या वाड्या आणि भातखाचरे डोळ्यांदेखत इमारतींखाली गेली, त्या आम्हां वसईकरांना ह्या हिशेबाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ह्याच प्रदेशात २६ मे १९१२ रोजी हॅरॉल्ड जे स्मिथ ह्या मुलाचा जन्म झाला. तोच पुढे जे सिल्व्हरहील्स झाला. मोहॉक हे त्याच्या जमातीचे नाव आपल्या वाचकांना सर्वस्वी अनोळखी नसावे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ मध्ये ज्यांना संतपद बहाल केले, त्या कटेरी टेकाक्विथा पित्याच्या बाजूने मोहॉकच होत्या. हॅरॉल्डचे वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात अधिकारी होते. रणांगणावर ते जखमी झाले होते आणि शौर्याबद्दल त्यांना पदकही मिळाले होते. अशा घरातला हा मुलगा. पडद्यावर त्याला ज्या तऱ्हेचे इंग्रजी बोलावे लागले, ते त्याच्या घरात कोणी कधी बोलले नसेल.

त्याला पहिली कीर्ती मिळवून दिली ती नाट्यकलेने नव्हे, तर लॅक्रॉस ह्या खेळाने. टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलीत आणि फेकीत धावण्याचा हा खेळ मुळात ह्या जमातींचाच. गोऱ्या लोकांनी तो त्यांच्याकडून घेतला, त्याला नियमांत बसविले आणि १९३० नंतरच्या काळात बर्फावरील हॉकीच्या बंदिस्त मैदानांत उन्हाळ्यामध्ये तो पैसे घेऊन दाखविण्यास प्रारंभ केला. हॅरी स्मिथ ह्या नावाने हा तरुण त्यात उतरला. त्याच्या धावण्यावरून ‘सिल्व्हरहील्स’, म्हणजे रुपेरी टाचा, हे टोपणनाव पडले आणि त्यालाच त्याने पुढे आपले आडनाव केले. मुष्टियुद्धातही तो तरबेज होता. १९३८ मध्ये ‘गोल्डन ग्लव्ह्ज’ स्पर्धेत त्याने मधल्या वजनगटात दुसरा क्रमांक पटकाविला. लॅक्रॉसचा संघ लॉस एंजेलिसला गेला असताना जो ब्राउन ह्या विनोदी नटाच्या नजरेत त्याची ती चपळाई भरली आणि चित्रपटात शिरण्याचा सल्ला त्याला मिळाला.

चित्रपटात त्या काळी आदिवासी माणसाला काम मिळे ते घोड्यावरून पडण्याचे. सिल्व्हरहील्स यांनीही प्रारंभीची वर्षे नामावळीत नाव नसलेल्या भूमिकांत आणि दुसऱ्याच्या जागी जीव धोक्यात घालण्याच्या कामांत काढली. १९४७ च्या ‘कॅप्टन फ्रॉम कॅस्टिल’मध्ये अ‍ॅझ्टेक तरुणाची बऱ्यापैकी भूमिका मिळाली, पुढल्याच वर्षी हम्फ्री बोगार्ट यांच्या ‘की लार्गो’मध्ये छोटेसे काम मिळाले. १९५० च्या ‘ब्रोकन अ‍ॅरो’ ह्या चित्रपटाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. अपाची जमातीकडे माणूस म्हणून पाहणारा चित्रपट म्हणून त्याचा पुष्कळ गौरव झाला, आणि तो अनाठायी नव्हता. त्यातील अपाची सरदार कोचीस याची मुख्य भूमिका केली ती जेफ चँडलर यांनी. चँडलर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ज्यू कुटुंबातले. चेहऱ्याला तपकिरी रंग लावून ते सरदार झाले आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले. शेजारी खरा आदिवासी उभा होता. त्याच्या वाट्याला जेरोनिमो आला. तह मान्य नसल्याने सभेतून उठून निघून जाणारा, म्हणजे पाहुण्या प्रेक्षकाच्या दृष्टीने वाईट आदिवासी. सिल्व्हरहील्स यांनी तो जेरोनिमो असा काही ताठ मानेने उभा केला की, पुढे आणखी दोन चित्रपटांत त्यांनाच त्या भूमिकेसाठी बोलावण्यात आले.

ह्या चित्रपटात एक सोय केलेली होती. अपाची लोक आपसात अपाची भाषेत बोलतात, परंतु प्रेक्षकांना कळावे म्हणून ती इंग्रजीत ऐकू येईल, असे प्रारंभीच सांगून टाकलेले होते. त्यामुळे सिल्व्हरहील्स यांना तेथे अखंड, व्याकरणशुद्ध, भारदस्त वाक्ये बोलावयास मिळाली. आणि नेमक्या त्याच काळात, घरोघरीच्या दूरचित्रवाणी संचावर हाच माणूस मोडक्यातोडक्या भाषेत बोलत होता.

‘लोन रेंजर’ ही कथा १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर जन्मास आली. एकट्या नायकाला रेडिओवर बोलावयास कोणीतरी हवे. स्वगते किती म्हणणार? म्हणून काही भाग झाल्यावर टोंटो निर्माण करण्यात आला. म्हणजे टोंटोचा जन्मच मुळी ‘हो’ म्हणण्यासाठी आणि प्रश्न विचारण्यासाठी झालेला. रेडिओवर हे काम जॉन टॉड नावाचे वयस्क गोरे नट करीत. टोंटो आपल्या मित्राला ज्या शब्दाने हाक मारी, तो ‘कीमो साबे’ हा शब्द मिशिगन राज्यातील मुलांच्या एका उन्हाळी शिबिराच्या नावावरून उचललेला होता. स्वतः ‘टोंटो’ ह्या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो मूर्ख. स्पॅनिश भाषिक देशांत मालिका दाखविताना ते नाव बदलून ‘तोरो’, म्हणजे बैल, करावे लागले. प्रगती झाली म्हणावयाची ती एवढीच!

दूरचित्रवाणीवर ही मालिका १५ सप्टेंबर १९४९ रोजी सुरू झाली. १९५७ पर्यंत तिचे एकूण २२१ भाग झाले आणि एबीसी ह्या तेव्हाच्या दुबळ्या वाहिनीला पहिले मोठे यश तिनेच मिळवून दिले. मुखवट्यामागे होते क्लेटन मूर. पहिल्या भागाची कथा मोठी मार्मिक आहे. सहा रक्षकांच्या तुकडीला दरोडेखोर कड्याखाली गाठून गोळ्या घालतात. टोंटो तेथे येतो. एकात धुगधुगी आहे असे पाहून त्याला पाणी पाजतो, त्याच्या जखमा धुतो आणि शत्रूचा संशय जावा म्हणून पाचांऐवजी सहा थडगी खणतो. म्हणजे वाचविणारा तो, युक्ती लढविणारा तो आणि मित्राच्या गुपिताचा सांभाळ करणाराही तोच. एवढे सारे करणारा माणूस बोलू लागतो तेव्हा मात्र त्याच्या तोंडी वाक्य घातलेले असते ते, मराठीत सांगावयाचे तर, ‘मी जाणे गावात. मी ऐकणे. मी येणे परत’ अशा थाटाचे.

वाचकहो, ही भाषा आपण कोठेतरी ऐकली आहे असे तुम्हांला वाटत नाही काय? हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती माणूस आठवा. गळ्यात क्रूस, डोक्यावर हॅट, हातात बाटली आणि तोंडात ‘हम बोलता है, मॅन’. अनेक वर्षे आपल्याला पडद्यावर असेच पाहिले गेले. ह्याचा परिणाम चित्रपटगृहापुरता राहत नाही. मी मुंबईत नोकरीस लागलो, तेव्हा माझे आडनाव ऐकून एका सुशिक्षित सहकाऱ्याने मोठ्या कौतुकाने म्हटले होते, ‘अहो, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ ते गृहस्थ सज्जन होते. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण १६१६ मध्ये ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, जी भाषा बोलत माझी आजी शेतात खपली, त्या माझ्याच भाषेबद्दल मला शाबासकी मिळत होती. कौतुकाने माणूस परका कसा होतो, हे त्या दिवशी कळले. सिल्व्हरहील्स यांच्याविषयी वाचताना माझे मन गुंतले ते ह्या अनुभवामुळे.

आता प्रश्न असा की, अशी भूमिका त्यांनी स्वीकारावी की नाही? ती नाकारली असती तर एखाद्या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग लावून ती केली असती, यात शंका नाही. परंतु केवळ ह्या कारणाने त्यांना निर्दोष ठरवावे असे मला वाटत नाही. तो युक्तिवाद कोणत्याही नोकरीला लावता येतो. मी ते जुने भाग अलीकडे पुन्हा पाहिले, ध्वनी बंद करून काही वेळा, आणि माझे मत त्यावरून बनले. संवाद कानावर न आले म्हणजे जे दिसते ते असे: एक उंच, बांधेसूद माणूस घोड्यावरून सहज पायउतार होतो. खोलीत शिरताना आधी दारे-खिडक्या पाहून घेतो. मित्र बोलत असताना त्याच्याकडे आदराने पाहतो, पण मान तुकवीत नाही. हसविण्यासाठी काही करीत नाही. तोंड वेडेवाकडे करून प्रेक्षकांची टाळी घेणे सहज शक्य होते. अशा सोबत्यांकडून त्या काळी तीच अपेक्षा असे. आठ वर्षांत तो मोह त्यांनी टाळला. लेखकाने दिलेली वाक्ये बदलणे नटाच्या हाती नसते; ती बोलताना उभे कसे राहावे, एवढेच असते. हे एवढेसे स्वातंत्र्य त्यांनी पुरेपूर वापरले.

१९५२ मध्ये निर्मात्यांचे मूर यांच्याशी बिनसले आणि एका पर्वापुरता मुखवटा जॉन हार्ट ह्या दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर गेला. मुखवट्यामागचा माणूस बदलला तरी चालेल, असा त्यांचा हिशेब होता. टोंटोच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता. सिल्व्हरहील्स जागचे हलले नाहीत. पुढे मूर परतले. दोघांची पडद्याबाहेरची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१९५७ मध्ये मालिका संपली, त्यानंतर १९५८ मध्ये तिच्यावरील दुसरा चित्रपट आला, आणि मग हाती फारसे काही उरले नाही. साऱ्या अमेरिकेला चेहरा माहीत, पण कामे मिळत ती नाममात्र. संसार चालविण्यासाठी सिल्व्हरहील्स यांनी काही काळ विक्रेत्याची नोकरी केली. जॉन वेन यांच्या १९६९ च्या ‘ट्रू ग्रिट’मध्ये ते दिसतात ते फासावर जाणाऱ्या कैद्यांपैकी एक म्हणून, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाहीसे होणारे. त्याच वर्षी जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमात त्यांनी एक विनोदी प्रवेश केला. त्यात टोंटो इतक्या वर्षांच्या सेवेनंतर नोकरीच्या शोधात मुलाखतीला आलेला असतो. प्रेक्षक पोट धरधरून हसले. त्या विनोदात किती टक्के विनोद होता, हे त्या नटालाच ठाऊक.

ह्याच सुमारास आदिवासी तरुणांत नवी जागृती आली होती आणि टोंटो हा त्यांच्या संतापाचा विषय झाला होता. गोऱ्याच्या मागे घोडा हाकणारा, त्याच्या सांगण्यावरून गावात जाऊन मार खाणारा हा कसला आदिवासी, असे ते विचारीत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सिल्व्हरहील्स यांनाही टोंटोचे ते बोलणे आवडत नव्हते, हे त्यांनी लपवून ठेवले नाही. पण वादात उतरण्यापेक्षा त्यांनी एक काम हाती घेतले. चित्रपटसंस्थांचे ठरलेले उत्तर असे की, आम्ही गोऱ्यांना रंग लावून उभे करतो, कारण अभिनय शिकलेले आदिवासी मिळतच नाहीत. ते उत्तरच काढून घ्यावे म्हणून सिल्व्हरहील्स यांनी १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात ‘इंडियन अ‍ॅक्टर्स वर्कशॉप’ ही शाळा काढली. राखीव प्रदेश सोडून शहरात आलेल्या, कारखान्यात नाहीतर हॉटेलात राबणाऱ्या मुलामुलींना तेथे अभिनयाचे शिक्षण मिळू लागले. टोंटोने मिळवून दिलेले नाव त्यांनी येथे खर्ची घातले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत ह्याहून मोठी गोष्ट नाही, आणि नेमका हाच भाग त्यांच्या चाहत्यांना सर्वांत कमी माहीत असतो.

त्या काळात पडद्यावरचा सर्वांत परिचित आदिवासी चेहरा दुसऱ्याच एका नटाचा होता, आयर्न आइज कोडी यांचा. १९७१ मध्ये आलेल्या प्रदूषणविरोधी जाहिरातीत, कचऱ्याने भरलेल्या रस्त्याकडे पाहून ज्यांच्या गालावरून एक अश्रू ओघळतो, तेच हे. १९९६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्राने उघडकीस आणले की, हे गृहस्थ लुइझियानात जन्मलेले, सिसिलीहून आलेल्या इटालियन आईबापांचे चिरंजीव. स्वतः कोडी ते अखेरपर्यंत नाकारीत राहिले. त्यांनी आदिवासींसाठी पुष्कळ केले हेही खरे. तथापि, अमेरिकेने आपले अश्रू ढाळण्यासाठी निवडला तोही इटालियनच, ही गोष्ट मनातून जात नाही.

उतारवयात सिल्व्हरहील्स यांना घोड्यांच्या शर्यतींचा छंद लागला. घोड्याला जुंपलेल्या हलक्या दुचाकी गाडीत बसून ते स्वतः शर्यतीत उतरत. टोंटोच्या घोड्याला, स्काउटला, शर्यतीत उतरविणार का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा त्याच्यापेक्षा तर मीच जोरात धावेन, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. लॅक्रॉसच्या मैदानावरील रुपेरी टाचा अजून शाबूत होत्या म्हणावयाच्या! पण पुढे पक्षाघाताने त्यांना गाठले.

१९७९ ह्या साली ह्या दोन मित्रांच्या आयुष्यात दोन निरनिराळ्या घटना घडल्या. क्लेटन मूर हे मालिका संपल्यानंतरही वीस वर्षे तोच मुखवटा घालून गावोगावी मुलांना भेटत असत. तीच त्यांची ओळख आणि तीच उपजीविका. नव्या चित्रपटाची तयारी चाललेली असल्याने मालकी हक्क असलेल्या कंपनीने न्यायालयाकडून त्यांना मुखवटा घालण्यास मनाई आणविली. मूर यांनी मोठा काळा चष्मा लावला आणि दौरे चालू ठेवले. १९८४ मध्ये त्यांचा मुखवटा त्यांना परत मिळाला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो अभिमानाने वागविला. त्याच १९७९ च्या जुलैत हॉलिवूडच्या पदपथावर जे सिल्व्हरहील्स यांच्या नावाची चांदणी बसविण्यात आली. तो मान मिळविणारे पहिले आदिवासी नट म्हणून त्यांचा उल्लेख होतो. एकाला पडद्यावरचा माणूस सोडवत नव्हता आणि दुसऱ्याला तो सोडून स्वतःच्या नावाने उभे राहावयाचे होते. मला दोघांविषयीही आपुलकी वाटते. पण मन ओढ घेते ते दुसऱ्याकडे.

५ मार्च १९८० रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, चित्रपट व्यवसायातील वृद्धांसाठी चालविल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिसजवळच्या निवासात सिल्व्हरहील्स यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी ग्रँड नदीकाठच्या त्यांच्या मूळ प्रदेशात परत नेण्यात आल्या. कॅनडाच्या लॅक्रॉस खेळाडूंच्या गौरवदालनात त्यांच्या नावाचा समावेश झाला तो १९९७ मध्ये.

त्याच सिक्स नेशन्स प्रदेशात, ओस्वेकेन ह्या गावी, १९५२ मध्ये आणखी एक मुलगा जन्मला होता. त्याचे नाव ग्रॅहम ग्रीन, जमात ओनायडा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचेही निधन झाले. सिल्व्हरहील्स यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ ह्या चित्रपटात ग्रीन यांनी लाकोटा जमातीतील एका पवित्र पुरुषाची भूमिका केली आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. लाकोटा ही ग्रीन यांची मातृभाषा नव्हे. ती त्यांनी भूमिकेसाठी शिकून घेतली. चित्रपटभर ते विनोद करतात, बायकोशी कुरबुरतात, पाहुण्या गोऱ्याविषयी शंका काढतात, ते सारे लांब, सरळ, पूर्ण वाक्यांत. इंग्रजी भाषांतर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत उमटत राहते आणि ज्यांना लाकोटा येत नाही, त्यांना ते वाचून घ्यावे लागते.